एओथ्री: वाचायला फुकट आहे, पण मुकाट्याने वाचू नका

'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे पूर्ण नाव कुणी घेत नाही, सगळे एओथ्रीच म्हणतात. आवडत्या पुस्तकातल्या, मालिकेतल्या, सिनेमातल्या पात्रांवर चाहते ज्या कथा लिहितात, म्हणजे फॅनफिक, त्या ठेवायची ही जागा. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत, नुसतं वाचायचं तर बहुतेक कथांना खातंही लागत नाही. मी भांडुपला राहते, परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. माझं वाचन होतं ते लोकलमध्ये, आणि त्यातला मोठा वाटा गेली काही वर्षं एओथ्रीचा आहे. आता थोडं लिहितेही. 'तिथे एवढं आहे तरी काय' असं लॅबमधल्या मुली विचारत असतात, म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

लोकलवाल्यांच्या सोयीची गोष्ट आधी. प्रत्येक कथेच्या वर डाउनलोडचं बटण आहे. ईपब, पीडीएफ, किंडलची फाइल, हवी ती फोनवर उतरवून घ्यायची. रात्री घरच्या वायफायवर दोन-तीन कथा घेऊन ठेवल्या की सकाळच्या सीएसएमटी स्लोमध्ये नेटवर्क असो-नसो, काही अडत नाही. अॅप मात्र नाही. त्या नावाचं एखादं अॅप कुठे दिसलंच तर ते संस्थेचं नव्हे, त्याच्या वाटेला जाऊ नका. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये साइट नीट चालते.

मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते टॅग. कथा टाकणारीने त्यात काय आहे ते आधीच सांगायचं अशी इथली रीत: पात्रं कोण, जोडी कुणाची, सूर कसला, आणि जिव्हारी लागेल असं काही आहे का. टॅग कुणी कसेही लिहितं. होम्स आणि वॉटसनच्या एकाच जोडीला दहाजणी दहा नावं देतात. तरी शोधल्यावर सगळ्या कथा एकत्र मिळतात, कारण ही वेगवेगळी नावं मागच्या बाजूला एकमेकांना जोडून ठेवणारी माणसं आहेत. त्यांना टॅग रँग्लर म्हणतात. हे सगळे स्वयंसेवक, एक पैसा न घेता काम करणारे. आपापल्या फॅनडमचे, म्हणजे एखाद्या पुस्तकाच्या किंवा मालिकेच्या चाहत्यांच्या गोतावळ्याचे, टॅग वाटून घेऊन ते रोज निवडत बसतात.

माझे वडील गेले त्या वर्षी मी शोधताना 'मुख्य पात्राचा मृत्यू' असा इशारा असलेल्या सगळ्या कथा वगळायची खूण करून ठेवली होती. 'इशारा द्यायचा नाही असं लेखिकेने ठरवलं आहे' असाही एक पर्याय असतो, तोही वगळला. महिनोन् महिने मी निर्धास्त वाचत राहिले. कुठल्या कोण बायकांनी आपल्या कथेवर प्रामाणिकपणे खूण केली होती, कुणी तरी ती नीट जागी लावली होती, आणि त्यामुळे भांडुपच्या गाडीत बसलेल्या मला त्या दिवसांत रडायची वेळ आली नाही. त्यांच्यातल्या एकीलाही माझं नाव ठाऊक नाही.

आता कॉमेंटबद्दल. इथे कथेखाली कुडोसचं बटण असतं, आवडली की दाबायचं. एका कथेला एका वाचकाला एकदाच देता येतो. नावडलं सांगायचं बटणच नाही. कुडोस छानच वाटतात, पण लिहिणारीचा जीव असतो तो कॉमेंटमध्ये. मी एक मोठी कथा लिहायला घेतली होती. मूळ गोष्टींत होम्स 1891 साली धबधब्यापाशी नाहीसा होतो आणि 1894 मध्ये लंडनला परततो. मधल्या काळात आपण तिबेट, इराण, मक्का, खार्टूम असं फिरलो, असं तो सांगतो. मी त्या प्रवासात मुंबई घातली. तो अपोलो बंदरावर उतरतो, घोड्याच्या ट्राममधून गिरगावात येतो आणि एका खानावळीत महिन्याचा मेंबर होतो. माझी बीटा, म्हणजे टाकण्याआधी कथा तपासून देणारी, नागपूरची. आम्ही अजून भेटलेलो नाही. खानावळीच्या मालकिणीचे हात बघून होम्सने चार गोष्टी ओळखायला हव्यात, तू एकीवर का थांबलीस, असं विचारून तिने मला तो परिच्छेद पुन्हा लिहायला लावला. हळद, सुईचा घट्टा, डाव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग आणि बांगड्यांचा वण. कथेतलं ते सगळ्यात चांगलं पान आहे.

दुसऱ्या प्रकरणाखाली एका अनोळखी बाईंची लांबलचक कॉमेंट आली. त्यांची आजी गिरगावात खानावळ चालवायची. वहीत प्रत्येक मेंबराचे खाडे मांडलेले असत, जेवायला न आलेल्या दिवसाचे पैसे वजा व्हायचे, त्यामुळे कोण कधी गावात नव्हतं ते आजीला बरोबर ठाऊक असे. एवढं लिहून त्यांनी विचारलं, 'तुमच्या होम्सने ती वही बघितली का हो?' त्याने बघितलेली नव्हती. तिसऱ्या प्रकरणात बघितली, आणि 'मी त्या रात्री इथेच जेवलो' म्हणणारा माणूस वहीतल्या एका खाड्यावर पकडला गेला. इथे एखादी कथा कुणाला भेट म्हणून देता येते, त्यांचं नाव वरच दिसतं. ती कथा मी त्यांना भेट दिली आहे.

डिसेंबरातलं युलटाईडही एकदा अनुभवावं असं आहे. ज्यांच्यावर फारसं कुणी लिहीत नाही अशा छोट्या फॅनडमसाठी 2003 पासून चाललेली ही भेटकथांची देवघेव, आता एओथ्रीवरच भरते. आपण मागणी नोंदवायची, दुसऱ्या कुणाची तरी मागणी आपल्या वाट्याला येते, किमान एक हजार शब्दांची कथा लिहायची. 25 डिसेंबरला सगळ्या भेटी उघडतात. कुणी लिहिल्या ते 1 जानेवारीला कळतं. एखादीला आजारपणामुळे किंवा अडचणीमुळे लिहिता आलं नाही तर पिंच हिटर पुढे येतात आणि उरलेल्या थोड्या दिवसांत ती कथा लिहून देतात, कुणाची भेट चुकू नये म्हणून. माझी एक भेट अशीच आली होती. नावं जाहीर झाल्यावर माझ्या कॉमेंटला उत्तर देताना लिहिणारीने ते सांगितलं. दिवसा नोकरी आणि रात्री माझी कथा, असं करून तिने ती पुरी केली होती.

हे सगळं कुठल्या कंपनीच्या मर्जीवर चाललेलं नाही, याला माझ्या लेखी फार किंमत आहे. 2007 साली फॅनफिकवर धंदा करू बघणाऱ्या कंपन्या आणि रातोरात खाती पुसणाऱ्या साइट्स यांना कंटाळून चाहत्यांनीच 'ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स' ही ना-नफा संस्था काढली, आणि नोव्हेंबर 2009 मध्ये एओथ्री सगळ्यांना खुलं झालं. आज तिथे एक कोटीहून जास्त कथा आहेत. खर्च देणग्यांतून निघतो, साधारण एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये आवाहन होतं. 2019 मध्ये डब्लिनला एओथ्रीला ह्यूगो हा विज्ञानकथा आणि फँटसीसाठीचा मानाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा संस्थापकांपैकी एक, कादंबरीकार नाओमी नोविक, यांनी सभागृहातले दिवे लावायला सांगितले आणि जे जे स्वतःला यातले मानतात त्यांना उभं राहायला सांगितलं. तो व्हिडिओ मी बरेचदा बघितला आहे. जुन्या, बंद पडत चाललेल्या फॅनसाइट्सवरच्या कथा आणून इथे जपणारा 'ओपन डोअर्स' हा प्रकल्पही याच संस्थेचा.

जपण्याचं महत्त्व मला कळतं, कारण आधी मी ज्या वाचन-अॅपवर होते तिथे पुढचं प्रकरण उघडायला नाणी विकत घ्यावी लागत, आणि एक दिवस ते अॅपच बंद झालं. कथा गेल्या, आम्ही एकमेकींना लिहिलेल्या कॉमेंटही गेल्या. एओथ्रीवर लेखिकेला आपलं नाव नको झालं तर कथा 'अनाथ' करता येते. नाव जातं, कथा आणि तिच्याखालच्या गप्पा वाचणाऱ्यांसाठी राहतात. जुलै 2023 मध्ये सायबर हल्ल्याने साइट दिवसभराहून जास्त बंद होती. तेव्हा ती परत उभी करणारेही स्वयंसेवकच होते. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या रात्री जिच्याकडे जी ईपब होती तिने ती सुचवली, आणि सगळ्या जुनंच पुन्हा वाचत बसलो.

उणिवा आहेत. साइटची बटणं आणि सूचना इंग्रजीत आहेत, माझ्या आईसारख्या वाचकाला ते अवघड जातं. खातं काढायला ईमेल देऊन आमंत्रणाची वाट बघावी लागते. प्रौढांसाठीचा मजकूर भरपूर आहे, त्यामुळे शाळकरी मुलांच्या हाती मोकळं सोडू नये. प्रत्येक कथेवर वर्गवारी लिहिलेली असते, ती बघायची सवय लावावी. आणि वंशवादी त्रास देणाऱ्यांबाबत संस्था संथ आहे, ही तक्रार खुद्द तिथल्या चाहत्यांचीच. संस्थेने याबाबत 2020 मध्ये दिलेली आश्वासनं पाळावीत म्हणून मे 2023 मध्ये त्यांनी मोहीम काढली होती. ती तक्रार मला रास्त वाटते. त्रास देणाऱ्याला ब्लॉक आणि म्यूट करायची सोय आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. यासाठी अर्धा तारा कापते. पाचपैकी साडेचार.

लिहिणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. 'तुमच्या कथेवर चित्रं काढून देते' अशी गोड कॉमेंट आली आणि पाठोपाठ पैशांचं बोलणं निघालं तर ती फसवणूक समजा. एओथ्रीवर पैसे मागायला परवानगीच नाही.

मराठी कथा इंग्रजीच्या मानाने तुरळक आहेत. भाषांच्या यादीत मराठी निवडली की त्या एका जागी दिसतात. वाचल्यावर खाली दोन ओळी लिहा. लेखिकेने बंद केलं नसेल तर पाहुणे म्हणूनही कॉमेंट करता येते. काय लिहावं सुचत नसेल तर जे वाक्य आवडलं ते तसंच उतरवून 'इथे थांबले' एवढं लिहा. जुन्या कथेवर कॉमेंट करायलाही संकोचू नका. चार वर्षांपूर्वीच्या कथेवर काल कुणी तरी लिहिलेलं मेलमध्ये दिसलं तर लिहिणारी त्याच दिवशी पुढचं प्रकरण उघडून बसते, हे मी नागपूरच्या बीटाच्या बाबतीत स्वतः बघितलं आहे.