पट्टीखाली कलमच नव्हतं: लिंबाच्या तीन झाडांचे 6,900 रुपये

तीन झाडं, प्रत्येकी 1,850. 'खास विलायती माती' 900. टेम्पोचे 450. एकूण 6,900 रुपये, सगळे आगाऊ, यूपीआयने. विक्रेत्याचा नंबर आता बंद.

जाहिरात अशी: 'मेयर लिंबू, ट्रायफोलिएट खुंटावर कलम, कुंडीत बुटकं राहतं.' (खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते झाड. ट्रायफोलिएट ही त्याची तीन दलांच्या पानांची जात.) माहिती खरी होती, म्हणून तर जास्त झोंबतं. फ्रँक मेयरने 1908 मध्ये चीनमधून अमेरिकेत नेलेलं हे लिंबू थंड मुलखात कुंडीतच लावतात, कडाक्यात घरात घेतात, आणि हा खुंट थंडी सोसतो. पण ठाण्यात घोडबंदर रोडला थंडी म्हणजे पंखा एकवर! इथे झाड मरतं ते पावसात कुंडीत तुंबलेल्या पाण्याने. तिथेच थांबायला हवं होतं.

आणि ती पट्टी! डोळा भरला (कलमाची कळी खुंटात बसवली) की महिनाभरात पट्टी सोडतात, नाहीतर ती खोडाला काचते. इथे एका झाडावर पिवळी लिंबं, म्हणजे कलम जुनं, आणि खोडाला प्लास्टिकची पट्टी, म्हणजे कलम ताजं, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर. तरी सोडली नाही, कारण 'कलम हलेल, दोन महिने हात लावू नका' असं बजावलं होतं. जाणत्यालाही पटेल असंच वाक्य आहे ते.

सहाव्या दिवशी माती ओली असूनही एकाची पानं मलूल. उपटलं तर मुळंच नाहीत, फळांची फांदी तिरकी कापून खोचलेली. (खोड धरून हलवून बघा. तळाच्या भोकातून पांढरी मुळं दिसायला हवीत.) उरलेल्या दोघांच्या पट्टीखाली सरळ, गुळगुळीत खोड. खऱ्या कलमाच्या जोडावर बाक असतो, वरची-खालची साल वेगळी दिसते, आणि या खुंटाला फूट आली तर पान तीन दलांचं. ही साधी बियांची रोपं, फळाला पाच-सात वर्षं. विलायती माती म्हणजे निव्वळ कोकोपीट, नारळाच्या काथ्याचा भुसा.

पोलिस ठाण्यात उत्तर मिळालं, "माल मिळाला ना? मग ग्राहक आयोगात जा." (पैसे गेले की त्याच तासात 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर लावा, सहा दिवसांनी नाही.) कृषी कार्यालयात साहेब दौऱ्यावर. फळरोपवाटिकांसाठी राज्यात 1969 चा कायदा आहे, परवाना लागतो, पण परवाना आहे की नाही हे सांगणारा माणूस तीन टेबलं फिरूनही भेटला नाही. "लिंबाच्या झाडासाठी एवढं?" असं हसून विचारणारा तेवढा भेटला. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी नाही, हे खरं. पण नोटीस धाडायला विक्रेत्याचा पत्ता लागतो. तो छापील बिलावर घ्या, मगच पैसे सोडा.