पाय बुडणाऱ्यांसाठी वेटसूट : ओर्का अ‍ॅथलेक्स फ्लोट

आमच्या कोल्हापुरात आयर्नमॅनचं, म्हणजे पोहणं, सायकल नि पळणं एकापाठोपाठ करायच्या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉन शर्यतीचं वेड आता गल्लीबोळात पोचलंय, पण वेटसूट म्हटलं की अजूनही बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तारकर्लीला स्कूबाच्या आधी अंगावर चढवायला देतात तोच जाड काळा सूट येतो. तो वेगळा, हा वेगळा. स्कूबाच्या सुटाला दोन्ही बाजूंनी कापड असतं आणि जाडी सगळीकडे साधारण सारखी, कारण तिथे हात मारून कुठे जायचं नसतं. ट्रायथलॉनचा सूट बाहेरून उघडं, गुळगुळीत रबर असतो. त्यावर पाणी सरकावं म्हणून आणखी एक पातळ लेप. आतून मऊ जर्सीचं कापड. खांद्यावर दीड-दोन मिलिमीटर, कमरेला नि मांडीला चार-पाच. पाचाच्या वर आयर्नमॅनच्या नियमात बसत नाही.

माझा धंदा शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीचा. त्यामुळे २०२३ च्या जूनमध्ये ड्युसेलडॉर्फला गीफा प्रदर्शनाला जायचं ठरलेलंच होतं. चार वर्षांतून एकदा भरणारं ओतकामाचं प्रदर्शन, आमच्या लाइनीतली पंढरी. पुढच्या वर्षी हॅम्बुर्गची फुल आयर्नमॅन करायची हे मनात पक्कं असल्यामुळे एक दुपार काढून तिथल्या ट्रायथलॉनच्या दुकानात गेलो. भारतात बसून वजन-उंचीचा तक्ता बघून हा सूट मागवणारे आहेत, त्यांच्या धाडसाला नमस्कार. मला घालून बघायचा होता.

दुकानातले आजोबा सत्तरीच्या आसपासचे. मी बजेट सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, ‘पोहताना पाय कुठे असतात?’

माझे पाय खाली असतात. आमचं पोहणं विहिरीतलं. मोठ्यांनी पाठीला डबा बांधून ढकलून दिलं आणि आम्ही वर आलो, एवढंच शिक्षण. दम आहे, खांदे आहेत, पण छाती वर नि पाय तिरके पाण्यात, म्हणजे ३.८ किलोमीटर स्वतःलाच ओढत न्यायचं. छातीत फुप्फुसांची हवा असते म्हणून ती तरंगते. सायकल मारून झालेल्या जाड मांड्या कशाला तरंगतील? वेटसूटच्या रबरात वायूचे बारीक बंद बुडबुडे असतात. ऊब तेच देतात आणि उचलूनही तेच धरतात. म्हणजे लहानपणचा डबाच, फक्त पाठीवर एका जागी न बांधता कमरेवर नि मांड्यांवर वाटून बांधलेला. ओर्का कंपनीने ‘फ्लोट’ हा प्रकार याच गिऱ्हाइकासाठी काढलाय. त्यांच्याच ‘फ्लेक्स’मध्ये भर हात मोकळे फिरण्यावर असतो. हूब कंपनीने तर हे सरळ आकड्यांत मांडलं : ३:५ म्हणजे वर तीन मिलिमीटर, खाली पाच, आणि ४:४ म्हणजे सगळीकडे सारखं. कंपनीचं नावसुद्धा पोहण्याच्या शास्त्रातल्या हूब टूसां या डच प्राध्यापकांवरून घेतलेलं आहे.

आजोबांनी तीन सूट काढले आणि सुती हातमोजे माझ्या हातात ठेवले. हे रबर नखाने चिरतं. कुठल्याही कंपनीचं असो, महाग असेल तितकं मऊ आणि मऊ असेल तितकं नाजूक. चढवायची पद्धत अशी : पावलाला प्लास्टिकची पिशवी, म्हणजे पाय सरकन आत जातो. मग घोट्यापासून थोडं थोडं रबर बोटांच्या पेरांनी वर सारायचं. जांघेत एक बोटभरही फट राहता कामा नये. तिथे फट राहिली की सूट वरून खाली ओढला जातो आणि तो ताण येतो खांद्यावर. मग माणूस म्हणतो, सूट खांद्यात घट्ट आहे. खांद्यात काही नसतं, खाली नीट वर घेतलेला नसतो. बाह्यांचंही तसंच, मनगटापासून सारत सारत काखेपर्यंत रबर न्यायचं. शेवटी पाठीमागची चेन दुसऱ्याकडून लावून घ्यायची. मला वीस मिनिटं लागली आणि एसीमध्ये घाम फुटला.

पहिला चढवला सेलफिश कंपनीचा ‘वन’. त्यांचा वरच्या किमतीतला. हात फिरवून बघितला तर बाही आहे हेच कळेना. नाद खुळा! पण किमतीत कोल्हापुरात बरी सेकंडहँड मोपेड आली असती, आणि माझ्या अडचणीवर खांद्याची मऊशार बाही हे औषध नव्हे. दुसरा हूबचा, तो पसंत होता, माझ्या मापाचा नग नव्हता. तिसरा हा फ्लोट, आधी सात नंबर, मग आठ. सातात उभं राहिल्यावर झकास दिसत होतो, पण खोल श्वास घेतला की बरगड्या अडत होत्या. आठात श्वास मोकळा. आजोबांनी कमरेच्या खोलगट भागात, पाठीला, रबर चिमटीत धरायचा प्रयत्न केला. धरता आलं नाही, म्हणाले बरोबर. तिथे पोकळी राहिली तर पोहताना पाणी साठतं आणि डब्याच्या जागी घागर बांधल्यासारखं होतं. मग मानेत बोट घालून पाहिलं, हात वर करायला लावले, आणि पाच मिनिटं तसंच उभं केलं. गळ्याशी आवळल्यासारखं वाटलं तर घाबरायचं नाही, पाण्यात उतरल्यावर कॉलर जराशी ओढून थोडं पाणी आत घ्यायचं, रबर अंगाला बसतं, असं ते म्हणाले. पुढे तसंच झालं.

चारशे युरोच्या आतबाहेर पडला. तेव्हाच्या भावाने छत्तीस हजारांच्या घरात. तेव्हा परदेशातून येताना ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान जकातीशिवाय आणता येत होतं, त्यामुळे विमानतळावर कटकट नाही. घरी आल्यावर सवयीप्रमाणे जाडी मोजायला व्हर्निअर लावला. (रबर दबतं, जबडे अलगद टेकवायचे, आमच्या पोरांना सांगतो तसंच.) मांडीवरचा थर खांद्यावरच्या दुपटीहून जास्त भरला, आणि जोडांवर शिवण नुसती दोऱ्याची नाही, आधी चिकटवून मग आतल्या बाजूने टाके, सुई आरपार न गेलेली. ओतकामात पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ बघून कारागीर ओळखतो, इथे शिवण बघावी.

आता खरी गोष्ट, पाण्यातली. राजाराम तलावावर जानेवारीत, उजाडताना. आपल्याकडे ऊन चढल्यावर हा सूट घालून पोहायचं नावच काढू नका. डोकं तापतं, घाम आतल्या आत, चक्कर येऊ शकते. मी पहाटेच उतरलो, थोडं अंतर मारलं आणि बाहेर. पण पहिल्या दहा-वीस हातांतच कळलं. टाचा पाण्याच्या पृष्ठभागाला लागत होत्या! पाय मारणं जवळजवळ बंद केलं तरी खाली जाईनात. त्यामुळे मांड्या सायकलसाठी शिल्लक राहतात, आणि माझ्यासारख्याला वेगापेक्षा हा फायदा मोठा. खांद्यावर मात्र रबराचा ताण जाणवतोच, प्रत्येक हाताला थोडा थोडा. सवय नसेल तर दीड-दोन किलोमीटरनंतर खांदे बोलायला लागतात, म्हणून रेसच्या आधी महिना-दोन महिने सुटातच सराव हवा. थंड पाण्यात छातीवर घट्ट रबर आणि आजूबाजूला शेकडो हातपाय, ही भट्टी रेसच्या दिवशी पहिल्यांदा अनुभवायची गोष्ट नव्हे. पट्टीचे पोहणारे तिथे घाबरून बोटीला धरतात.

आमच्या ग्रुपमधल्या वहिनींना मात्र हा प्रकार अजिबात मानवला नाही. त्या मूळच्या मालवणच्या, तिथल्या चिवला किनाऱ्यावर लहानपणापासून समुद्रात पोहणाऱ्या. त्यांचे पाय आपसूक वर असतात. मैत्रिणीचा जाड मांड्यांचा सूट घालून उतरल्या, तर पावलं पाण्याबाहेर, लाथा हवेत आणि कंबर वाकून दुखायला लागली. त्यांनी सगळीकडे बेताच्या जाडीचा, मोकळ्या खांद्याचा घेतला. धरमतर ते गेटवे पोहणाऱ्या जुन्या मंडळींना विचाराल तर ते म्हणतील सूट घालणं म्हणजे लबाडी, आणि इंग्लिश खाडी पोहायला तो चालतही नाही. पण त्यांना पाण्यातून वर आल्यावर १८० किलोमीटर सायकल मारायची नसते.

हॅम्बुर्गला २ जून २०२४ ला आल्स्टर तलावात उतरलो. पाणी काळपट, पुलांच्या खालून जायचं, हात पुढे टाकला तर पंजा दिसत नव्हता. सुटाने काम केलं, थंडी फक्त चेहऱ्याला आणि पावलांना. मानेला घासू नये म्हणून आणि घोट्यातून चटकन निघावा म्हणून वंगणाची कांडी लावली होती. पेट्रोलियम जेली नको असं कंपन्या सांगतात, मी घरच्या खोबरेलच्याही वाटेला गेलो नाही. बाहेर आल्यावर पळता पळता कमरेपर्यंत सोलला आणि पिंडरीवर अडकला तेवढा सायकलींपाशी एका पायाने दुसरा दाबून काढला.

घ्यावा कुणी? गोव्याला मिरामारची हाफ आयर्नमॅन करणाऱ्याने आजिबात नाही. आयर्नमॅनमध्ये वयोगटातल्या, म्हणजे हौशी स्पर्धकांना पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तरच सूट घालून बक्षिसाच्या रांगेत राहता येतं, आपला समुद्र त्याच्या बराच वर. युरोपात एकच रेस करून मेडल भिंतीला लावणार असाल तर तिकडे भाड्याने मिळतो, फक्त माप आधी कुठेतरी घालून पक्कं करा. पाणी १६ अंशांच्या खाली गेलं तर तो सक्तीचाच असतो. दोन-तीन रेस डोक्यात असतील आणि पाय माझ्यासारखे असतील तर हा घ्या, पैसे वसूल आहेत. वापरल्यावर गोड्या पाण्यात बुचकळायचा, उलटा करून सावलीत, जाड हँगरवर कमरेतून दुमडून वाळवायचा. तारेच्या हँगरने खांद्याला कायमची घडी पडते.

माझा आठ नंबर आहे, वजन ८४. आसपासच्या मापाच्या कुणाला घेण्याआधी घालून बघायचा असेल तर थंडीत रविवारी सकाळी तलावावर या. नखं कापून.