वॉच ड्युटी : लातुरात बसून कॅलिफोर्नियाचा वणवा बघणाऱ्यांसाठी

मुलगा-सून कॅलिफोर्नियात आणि आई-वडील लातूर, नांदेड नाहीतर संभाजीनगरला, अशी घरं आता मराठवाड्यात गल्लोगल्ली आहेत. वणव्यापायी लेकरांना घर सोडावं लागलं की इथं टीव्ही सुरू होतो आणि जळणारे तेच दोन बंगले दिवसभर दिसत राहतात. त्यापेक्षा वणव्यांचा नकाशा दाखवणारं वॉच ड्युटी हे अ‍ॅप कितीतरी कामाचं आहे. 2021 पासून एक ना-नफा संस्था ते चालवते. निवृत्त अग्निशामक आणि स्वयंसेवक अग्निशमन दलाचा रेडिओ ऐकून नोंदी टाकतात, त्यामुळे माहिती बहुतेकदा बातम्यांच्या आधी येते. मुख्य नकाशा फुकट आहे. आग विझवणारी विमानं दिसण्यासारख्या जादा सोयींना वर्षाला सुमारे 25 डॉलर पडतात. ते देण्याची काही गरज नाही. स्टोअरमध्ये अ‍ॅप सापडलं नाही तर वेबसाइट उघडा.

आग लागायच्या आधीच मुलाकडून पूर्ण पत्ता, काउंटीचं (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचं) नाव आणि इव्हॅक्युएशन झोनचा (घरं रिकामी करायला सांगण्यासाठी पाडलेल्या भागाचा) क्रमांक लिहून घ्या. नुसतं 'लॉस एंजेलिस' पुरत नाही. ती काउंटी आपल्या लातूर जिल्ह्याहून मोठी आहे. 7 जानेवारी 2025 ला तिथं पॅलिसेड्स आणि ईटन या दोन मोठ्या आगी एकाच दिवशी लागल्या, त्याही एकमेकींपासून बऱ्याच लांब. अ‍ॅपमधल्या सूचना फक्त मुलाच्या काउंटीच्या चालू ठेवा, नाहीतर रात्रभर फोन वाजत राहील. तिथली सकाळ म्हणजे आपली रात्र: हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक, उन्हाळी वेळेत साडेबारा. पॅलिसेड्सची आग तिथं सकाळी साडेदहाच्या सुमारास लागली, तेव्हा इथं मध्यरात्र होती.

सगळ्यात जास्त गैरसमज टक्क्यांचा होतो. 'कंटेनमेंट 0 टक्के' वाचून आई-वडिलांचा जीव टांगणीला लागतो. हा आकडा आग किती विझली ते सांगत नाही. आगीच्या कडेचा किती भाग पक्क्या रेषेने अडवला, एवढंच त्यातून कळतं. कडा अडली तरी आत धुमसत राहतं, आणि 0 टक्के असतानाही आग घरापासून उलट्या दिशेला सरकत असू शकते. म्हणून टक्के सोडा, वारा बघा. सांता आना नावाचे तिथले कोरडे, जोराचे वारे साधारण ईशान्येकडून समुद्राकडे वाहतात. घर त्या वाटेवर असेल तर काळजी खरी. एकरांचा आकडाही फसवतो. पॅलिसेड्सची आग 23,000 एकरांच्या पुढे गेली, पण त्यात डोंगरउतारावरची झुडपंही मोजलेली असतात. उपग्रहाला उष्णता दिसली तिथं नकाशावर पडणारे ठिपके तर काही तास जुने असू शकतात.

झोनवर 'ऑर्डर' लिहिलं असेल तर लगेच निघायचं. 'वॉर्निंग' म्हणजे तयारीत राहायचं. म्हातारी माणसं, तान्ही मुलं आणि जनावरं असलेल्यांनी तेव्हाच निघावं. अशा वेळी फोनवर फोन लावू नका. नेटवर्क तुंबलेलं असतं, बॅटरी वाचवायची असते, आणि मुलगा गाडी चालवत असतो. 'पोचल्यावर एक मेसेज कर' एवढं लिहा.

अ‍ॅपचा मोठा उणेपणा म्हणजे मराठी नाही, आणि आपली माणसं कुठं पोचली हे त्यातून कळत नाही. घर वाचलं का, हेही नकाशावरच्या आगीच्या लाल हद्दीवरून ठरवू नका. हद्दीच्या आतही घरं उभी राहतात. त्यासाठी कॅल फायरचा, म्हणजे कॅलिफोर्निया राज्याच्या अग्निशमन खात्याचा, नुकसानीचा नकाशा बघा. माणसं एकेका घराची पाहणी करून त्यावर खूण टाकतात. याला काही दिवस लागतात. तोवर खूण नसेल तर घर अजून तपासलेलं नाही, एवढंच समजा.