ब्लॅक बे ५८: जुनाच क्लास्प ठेवू की टी-फिट लावू?

माझं घड्याळ टुडर ब्लॅक बे ५८ म्हणजे २०१८ मध्ये आलेलं ३९ मिमीवालं, त्याच्या क्लास्पला (पट्टा बंद करायच्या बकलला) कडेला भोकं आहेत बस, सैल-घट्ट करायचं तर टूथपिक घेऊन स्प्रिंगबार (पट्टा अडकवणारी बारीक स्प्रिंगची दांडी) दाबा, पुढच्या भोकात सरकवा, आणि तो टुणकन उडून सोफ्याखाली गेला की टॉर्च घेऊन शोधत बसा (दोनदा झालंय). मे महिन्यात दुपारी मनगट फुगतं, घड्याळ रुततं, रात्री एसीत तेच लोंबकळतं, मग रोज कोण हे उद्योग करणार?

टी-फिट म्हणजे टुडरचाच दुसरा क्लास्प, त्याला हत्यार लागतच नाही, क्लास्प उघडा, पट्टा सरकवा, पाच पोझिशन्स, एकूण ८ मिमी, ऑफिसात मीटिंग चालू असताना टेबलाखाली होतं. फक्त तो जरा लांब आणि जाड आहे, बारीक मनगट असेल तर खाली ठोकळ्यासारखा वाटतो, लॅपटॉपवर टाइप करताना तर जास्तच. जुना त्या बाबतीत सडपातळ, दिसायलाही गोड.

पैसे मात्र चांगलेच जातात, आणि आपल्या ब्रेसलेटला बसतो का ते आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. मी तरी टी-फिटच घेणार, जुना क्लास्प डब्यात जपून ठेवीन, विकताना लागतो.