तारेवालं मीट थर्मामीटर: आठ महिन्यांनंतर

डिसेंबरात हे 35 डॉलरला घेतलं. याची दांडी, म्हणजे प्रोब, मांसात खुपसायची; तार ओव्हनबाहेरच्या स्क्रीनला जोडलेली असते, आणि मांस आतून ठरवलेल्या तापमानाला पोचलं की बीप वाजतो. आतापर्यंत पंधरा-सोळा रोस्ट, म्हणजे ओव्हनमध्ये अख्खे भाजलेले मांसाचे तुकडे, झाले असतील. आम्ही मूळचे वसईचे, आता कॅनडात, मिसिसॉगात. ख्रिसमसला बीफचा मोठा रोस्ट आणि त्यावर आईने पाठवलेला बाटली मसाला (आमच्या वसईकडचा घरगुती मसाला), हे ठरलेलंच.

पहिला रोस्ट तीन किलोचा, बरगडीचा, हाडासकट. आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडाच ठेवला. दुसऱ्या दिवशी मसाला, ठेचलेला लसूण, तेल, आणि सुरुवातीलाच 230 अंश सेल्सियसवर वीस मिनिटं. घरभर धूर! बाटली मसाल्यात तीळ, खसखस, गहू, हरभरे आधीच भाजून कुटलेले असतात. ते परत एवढ्या आचेवर घातले तर करपणारच. वरचं काळं खरवडून टाकलं. मांस मात्र झकास निघालं, कारण आतलं तापमान 52 झाल्याचा बीप वाजल्यावर लगेच बाहेर काढलं होतं. झाकून ठेवलं तर आकडा आपोआप 56 वर गेला.

तेव्हापासून उलटं करतो. आधी 120 अंशावर सावकाश, आणि शेवटी पाच-सात मिनिटं कडक आच. मसाला करपत नाही, विटेसारखा रंग येतो. या पद्धतीत नंतर दोन-तीनच अंश चढतात, म्हणून 54 ला काढतो. सरकारी सल्ला 63 चा आहे. घरात म्हातारी माणसं असली की तोच पाळतो.

'अर्ध्या किलोला इतकी मिनिटं' हा हिशेब या यंत्राने माझ्या डोक्यातून काढला. आय ऑफ राउंडचा (बीफच्या मागच्या मांडीचा लांबट भाग) सव्वा किलोचा तुकडा आणि दोन किलोचा तुकडा यांना शिजायला जवळपास सारखाच वेळ लागला. जाडी सारखीच होती, दुसरा फक्त लांब होता.

आता तक्रार. ईस्टरला बीप वाजला, कापलं तर मधोमध जांभळं, थंडगार. पाहुणे ताटावर बसलेले. परत ओव्हनमध्ये टाकलं आणि तोवर सगळ्यांना सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं तिखट-आंबट कालवण) वाढलं. रात्री प्रोब बर्फाच्या पाण्यात धरला तर शून्याऐवजी 7! चूक माझीच असावी, मी तो नळाखाली धुवायचो आणि तार जिथे दांडीत शिरते तिथून पाणी आत जायचं. नवा प्रोब 15 डॉलरला आला. आता ओल्या फडक्याने पुसतो आणि दर महिन्याला बर्फाची परीक्षा घेतो. टोक हाडाला टेकलं तरी आकडा फसवतो, तेवढं जपायचं.

बीपचा आवाज मरतुकडा आहे, माजघरात टीव्ही चालू असेल तर ऐकू येत नाही. स्क्रीनला दिवाही नाही. मागचं चुंबक मात्र घट्ट, ओव्हनच्या दारावरून एकदाही पडलं नाही.

जूनमध्ये आई आली होती. मधली गुलाबी फोड पाहून म्हणाली, "अरे, हे अजून कच्चं आहे." तिला दोन्ही टोकं दिली. ती पूर्ण शिजलेली असतात आणि मसालाही तिथेच जास्त असतो. दुसऱ्या दिवशी उरलेलं तिने कांद्यावर परतून पावात घातलं.