साईज ४ चा फुटसाल बॉल : परभणीच्या सिमेंटवर चार महिने बडवून सांगतो

बॉल हातात घेतल्या घेतल्या पोरं म्हणली, "ह्यात हवाच नाही राव, फसवलं तुला." फसवलं नव्हतं, फुटसाल म्हणजे हॉलमधल्या फरशीवरचा पाच-पाच जणांचा फुटबॉल, त्याचा बॉल मुद्दामच कमी उडणारा असतो, पण पॅकिंगवर कुठं नीट लिहिलेलं नाही म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

२०२४ च्या एप्रिलमध्ये बँकॉकला फुटसालच्या एशियन कपची फायनल झाली, इराणनं थायलंडला त्यांच्याच घरात ४-१ हाणलं, इराणचा तो तेरावा कप. मोबाईलवर बघत होतो तर गोलापेक्षा बॉलचंच नवल वाटलं, केवढ्या जोरात पास येतोय अन् गडी बुटाच्या तळव्याखाली दाबतो की तो जागेवर गप्प. आमच्याकडं सिमेंटच्या जुन्या बास्केटबॉल कोर्टवर साध्या फुटबॉलनं खेळायचं म्हणजे अर्धा वेळ बॉल भिंतीपलीकडच्या बाभळीत, मग काटा, मग पंक्चर. तेव्हापासून डोक्यात होतं, मागवला मात्र चार महिन्याखाली. ८५० ला पडला.

नियम असाय की दोन मीटरवरून सोडला तर पहिला टप्पा ५० ते ६५ सेंटिमीटरच्या मधी आला पाहिजे. भिंतीवर खडूनं खुणा केल्या, पुतण्याला स्टुलावर चढवलं, बॉल ५८ च्या आसपास आला. साधा फुटबॉल तिथूनच सोडला तर मीटरच्या वर गेला. वजन ४०० ते ४४० ग्रॅम लागतं म्हणून किराणा दुकानात काट्यावर ठेवला, ४२५ भरला, दुकानदार म्हणे काय भाव किलो.

खेळात फरक लई पडला. लांबून उंच फटके मारणारे आमचे दोन पैलवान एकदम बिनकामाचे झाले आणि दहावीतलं एक बारकं पोरगं, ज्याला कुणी टीममधी घेत नव्हतं, ते तळव्यानं बॉल ओढून ओढून सगळ्यांना गंडवायला लागलं. बॉल बाहेर गेला तर हातानं फेकायचा नाही, रेषेवर ठेवून चार सेकंदात पायानं मारायचा, ह्या चार सेकंदावरून रोज भांडणं, एक जण मोजायलाच बसतो आता.

(जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतो ना आपण, तर ऐका, फुटसालात जर्मनीच्या नॅशनल टीमनं पहिली मॅचच २०१६ ला खेळली. आपला भारत २०२३ ला. म्हणजे आपल्याला काही फार उशीर झाला नाही.)

आता तक्रारी. सोबत आलेली पिन पहिल्याच दिवशी वाकली. मग गेलो पंक्चरवाल्याकडं, त्यानं ट्रकच्या सवयीनं अशी हवा मारली की बॉल नारळासारखा टणक, अन् टप्पा साध्या बॉलएवढा. म्हणजे ह्याची सगळी मजाच गेली. बॉलवर हवेचा दाब ०.६ ते ०.९ बार छापलेला असतो, तेवढीच हवा पाहिजे, तेवढं कमी त्याच्या काट्यावर दिसतच नाही. हातपंप घ्या सरळ. आणि मे महिन्यात दुपारी पत्र्यावर राहिला तर संध्याकाळी आपोआप जास्त उडतो, आतली हवा तापती ना, सावलीत थंड होऊ द्या मग खेळा.

सिमेंटनं मात्र खाल्ला त्याला. तिसऱ्या महिन्यात वरची सालपटं निघायला लागली, एका जोडावर शिलाई दिसायली. हे बॉल इनडोअरच्या गुळगुळीत फरशीसाठी असतात, आपल्या खरबरीत कोर्टवर टिकतील कसे, त्यामुळं कंपनीला एकदम शिव्या घालत नाही. टर्फवर खेळणार असाल तर घेऊच नका, तिथं गवतात बॉल मेल्यागत पडून राहतो, दोनदा पैसे भरून बघितलं.

पाचपैकी साडेतीन. ज्यांच्याकडं बॅडमिंटन हॉल नाहीतर शाळेची शहाबादी फरशी आहे त्यांनी बिनधास्त घ्या. आम्ही वर्गणी काढून दुसरा मागवलाय, जुना त्या बारक्या पोराला दिला, तो आता घरच्या ओट्यावर एकटाच ओढत बसतो म्हणे, त्याची आई माझ्यावर चिडलीय.