कर्क्युमिन की पेरिलिल अल्कोहोल? ग्लायोब्लास्टोमावर (मेंदूच्या आक्रमक कर्करोगावर) काम करायचं तर

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही या दोघांत अडकलो होतो. आधी कर्क्युमिनवर (हळदीतलं पिवळं द्रव्य) काम केलं, मग वैतागून पेरिलिल अल्कोहोलवर (वनस्पतींच्या सुगंधी तेलांतलं द्रव्य) आलो. त्यामुळे पुढचं थोडं एकतर्फी वाटलं तर समजून घ्या.

कागदावर कर्क्युमिन सरस. पेपर ढिगाने, आणि दहा-वीस मायक्रोमोलरला (म्हणजे अगदी कमी संहतीला) कर्करोगाच्या पेशी मरू लागतात. पेरिलिल अल्कोहोलला शेकडो मायक्रोमोलर, कधी मिलिमोलरपर्यंत जावं लागतं. परीक्षक त्यावर विचारणारच, उत्तर तयार ठेवा.

मला नडलं ते एमटीटी: जिवंत पेशी या पिवळ्या रंगद्रव्याचं क्षपण करून ते जांभळं करतात, आणि त्या रंगावरून किती पेशी जिवंत हे कळतं. एकदा सहज म्हणून प्लेटच्या पेशी न घातलेल्या वेलमध्येही (छोट्या खळग्यातही) कर्क्युमिन टाकून ठेवलं. रीडिंग घ्यायला गेलो तर त्या रिकाम्या वेलमध्येही जांभळट झाक! पेशीच नाहीत, तर एमटीटीचं क्षपण केलं कोणी? कर्क्युमिननेच. मग आधीच्या तीन महिन्यांचे माझे आलेख नेमके कशाचे होते, कोण जाणे. त्यात हे स्वतःच चमकतं, म्हणून फ्लो सायटोमेट्रीत (लेसरखालून एकेक पेशी मोजताना) हिरव्या चॅनेलमध्ये घुसतं. आणि टिकतही नाही: सीरम नसलेल्या बफरमध्ये, ३७ अंशांना, अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के विघटन. सीरम असलं तर जरा तग धरतं, पण ४८ तासांनी पेशी मूळ रेणूने मारल्या की त्याच्या तुकड्यांनी, हे मला कधीच छातीठोकपणे सांगता आलं नाही. माणसांत तर ग्रॅमांनी गिळूनही रक्तात मुक्त कर्क्युमिन जेमतेम सापडतं.

पेरिलिल अल्कोहोलही काही साधं नाही. उडून जातं, शेजारच्या वेलमध्येही त्याचा परिणाम दिसू शकतो. प्लेटला सील लावा, कंट्रोल (औषध न घातलेले वेल) लांब ठेवा. पण हा दोष दिसतो आणि आवरता येतो. शिवाय त्याला रुग्णापर्यंतची वाट आहे. तोंडावाटे मोठे डोस पोटाला झेपेनात, तेव्हा ब्राझीलमध्ये नितेरॉयच्या फ्लुमिनेन्स फेडरल विद्यापीठात क्लोविस दा फोन्सेका यांच्या गटाने ग्लायोमा (ग्लायोब्लास्टोमा ज्यात मोडतो तो मेंदूच्या गाठींचा गट) उलटलेल्या रुग्णांना ते नाकावाटे हुंगायला दिलं. तुलना मात्र जुन्या रुग्णांच्या नोंदींशी होती, हे विसरू नका. पुढे त्याचं अतिशुद्ध रूप, निओ१००, अमेरिकेत चाचण्यांत गेलं.

(घरी कुणी आजारी आहे म्हणून वाचत असाल, तर यातलं एकही मान्यताप्राप्त उपचार नाही. टेमोझोलोमाइड (केमोथेरपीचं औषध) किंवा रेडिएशन याच्यासाठी सोडू नका, आणि काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा.)

तुमच्या गाइडचा कल कर्क्युमिनकडे असेल तर भांडू नका, माझा अनुभव एका प्रयोगशाळेपुरताच आहे. फक्त पहिल्याच प्लेटवर पेशीविरहित वेलची एक पूर्ण रांग ठेवा, आणि एमटीटीच्या जोडीला एकदा तरी ट्रायपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींना रंगवणारा रंग) घालून पेशी हाताने मोजा.